लाउंजचे दार आणि चिठ्ठीतले सहावे कलम

मे महिन्यातला दुसरा शनिवार, सकाळचे सव्वाअकरा. रक्कम रुपये एक हजार एकशे ऐंशी, रोख. हजर असलेले: मी, पंधरा वर्षे सात महिने वयाची श्रावणी, तिची आई पद्माबाई आणि तिचे मोठे काका नरसय्या. जागा, सोलापुरातले सात रस्ता चौकाजवळचे माझे तिकिटांचे ऑफिस. पैसे नरसय्यांनी दिले आणि पावती मी त्यांच्या नावावर फाडली. श्रावणीला एका मोठ्या विमानतळावर तीन तास लाउंजमध्ये बसता यावे म्हणून काढलेल्या पासाचे हे पैसे होते. पासाचे हजार आणि त्यावर अठरा टक्के कर.

सव्वीस वर्षे मी हा धंदा करतो. आधी रेल्वेची तिकिटे, मग खासगी बसची, मग विमानाची. किती तिकिटे काढली याचा आकडा माझ्याकडे आहे, पण तो वाचून कुणाला काही मिळणार नाही. त्यापेक्षा माझी चूक लिहितो. ती माझ्याच हस्ताक्षरात आहे, त्यामुळे नाकारता येत नाही.

ज्यांनी लाउंज पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो. विमानतळावर सुरक्षा तपासणी ओलांडली की आत एक वेगळी बैठकीची जागा असते. मऊ खुर्च्या, गरम जेवण, चहा, स्वच्छ बाथरूम. विशिष्ट क्रेडिट कार्ड असेल तर आत जाता येते, नसेल तर पास काढावा लागतो. बहुतेक पास दोन किंवा तीन तासांचे असतात. दाराशी काउंटर असतो आणि काउंटरवर नियम असतात. त्या नियमांशी माझी पहिली गाठ कुर्डुवाडीच्या एका निवृत्त रेल्वेवाल्यांमुळे पडली. मुलाचे कार्ड खिशात घालून ते ऐटीत लाउंजला गेले आणि तसेच परत आले. दुसऱ्या आठवड्यात माझ्या टेबलासमोर उभे राहून म्हणाले, “अहो, कार्डावरचं आडनाव एकच हाय की! मुलगा काय परका हाय व्हय?” त्यांना समजावायला मला दोन चहा लागले. तेव्हापासून दुसऱ्याचे कार्ड मी कुणालाही वापरू देत नाही. त्यामुळे नरसय्यांनी “माझं कार्ड देतो की तिला” म्हटल्यावर मी ताबडतोब नको म्हणालो आणि तिच्याच नावावर पास काढला. एक खड्डा माहीत होता, तो मी चुकवला. दुसरा त्याच्याच शेजारी होता.

आता चिठ्ठीबद्दल. आमच्याकडे पहिल्यांदा विमानात बसणारी माणसे फार येतात. तिकीट हातात ठेवून “जा” म्हटले की ती घाबरतात. म्हणून मी प्रत्येकाला एक चिठ्ठी लिहून देतो. कलम एक, दारावर ओळखपत्र दाखवणे. कलम दोन, मोठी बॅग काउंटरवर देणे. अशी दहा-बारा कलमे, वेळेसकट. छापील नाही, हाताने लिहिलेली. त्याचे पैसे घेत नाही. माझ्या शेजारच्या एजंटाचे दर माझ्यापेक्षा कमी आहेत, तरी लोक चिठ्ठीसाठी माझ्याकडे येतात, याचा मला थोडा अभिमान आहे, तो लपवत नाही.

पण चिठ्ठीचा एक दोष मला कळायला हवा होता. माढ्याचे एक गुरुजी लेकीकडे बंगळूरला निघाले होते. मी लिहिले होते, ‘तिसऱ्या रांगेत उभे राहावे’. त्या दिवशी तिसरी रांग बंद होती. गुरुजी बंद काउंटरसमोर चाळीस मिनिटे एकटेच उभे राहिले. शेजारच्या रांगा सरकताना त्यांना दिसत होत्या. मी विचारले, “गुरुजी, पलीकडे का नाही गेलात?” ते शांतपणे म्हणाले, “तुम्ही तिसरी लिहिली होती.” मी ही गोष्ट लोकांना हसत सांगत असे. हसण्यासारखी ती नव्हती.

श्रावणीचे वडील सुरतेला यंत्रमागावर कामाला आहेत, वर्षातून दोनदा येतात. पद्माबाई शाळेच्या गणवेशांच्या कारखान्यात शिलाई करतात. घरातला शब्द नरसय्यांचा, श्रावणीच्या वडिलांच्या थोरल्या भावाचा. अक्कलकोट रोडला त्यांचे टॉवेलचे आठ माग आहेत. श्रावणी त्यांना तेलुगूत ‘पेद्दनान्ना’ म्हणते, म्हणजे मोठे बाबा. तिची भुवनेश्वरच्या उन्हाळी गणित शिबिरासाठी निवड झाली होती. तीन आठवडे, राहणे-जेवण त्यांचे, प्रवास आपला. सोलापुरातून एकटीच निवडली गेली होती आणि सोबत जायला घरात कुणाला सुट्टी नव्हती.

विमान सकाळी होटगी रोडच्या आमच्या विमानतळावरून सुटणार, अकरा चाळीसला मोठ्या विमानतळावर पोचणार आणि पुढचे विमान संध्याकाळी पाच पन्नासला. मध्ये सहा तास दहा मिनिटे. नरसय्या त्या सहा तास दहा मिनिटांवर अडून बसले होते.

“पोरगी एकटी एवढा वेळ कुटं बसणार, ते सांगा मालक. बाकी काय विचारत न्हाय.”

“लाउंजमध्ये बसेल. बंद खोली असते. दारावर माणूस असतो.”

“मग ठीक. एक वाजता आतला फोटो आला पाहिजे. न्हाय आला, तर तिथनंच परत आणायचं. आणि पुन्हा मला कुणी शिबिराचं नाव काढायचं न्हाय.” हे शेवटचे वाक्य ते पद्माबाईंकडे बघून म्हणाले. पद्माबाई काही बोलल्या नाहीत. श्रावणी माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती.

त्यांनी पैसे दिले. मी संगणकावर पास काढला. तिथे दोनच प्रकार होते, लहान मूल म्हणजे दोन ते बारा आणि त्यापुढे मोठे. मी मोठे निवडले. विमान कंपनीच्या हिशेबातही बारा पूर्ण झाले की प्रवासी मोठा. पूर्ण भाडे, एकट्याने प्रवास करायला परवानगी. रेल्वेतही अर्धे तिकीट बारापर्यंत, एसटीतही. सव्वीस वर्षे माझ्या डोक्यात बारा हा आकडा इतका पक्का बसलेला होता की त्याच्यापुढे आणखी एखादा आकडा असेल असे मनात आले नाही. खाली बारीक अक्षरांत सतरा अटी होत्या. मी पहिल्या नऊ वाचल्या. एरवी मी पिठाच्या पिशवीवरचे वजनसुद्धा वाचतो. त्या दिवशी नऊवर थांबलो, कारण नरसय्या घड्याळाकडे बघत होते. करातले अठरा टक्के मी बरोबर मोजले, अठरा वर्षांची अट मात्र वाचली नाही.

चिठ्ठीत सहावे कलम लिहिले ते असे: ‘१२.१५ ते ३.१५ लाउंजमध्ये बसणे. जेवण तिथेच करणे. बाहेर काही विकत घेऊ नये, फार महाग असते.’ सातवे: ‘अनोळखी माणसाचे सामान, खाऊ, मदत घेऊ नये.’ आठवे: ‘३.१५ ला गेटवर जाऊन बसणे.’ म्हणजे शेवटचे अडीच तास ती बाहेर साध्या खुर्चीवर बसणारच होती. ते नरसय्यांनी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. हे खोटे बोलणे नव्हते, पण त्याच्या अगदी जवळचे होते.

पुढच्या शुक्रवारी बारा पंचवीसला श्रावणीचा फोन आला.

“काका, दारावर थांबवलंय. अठरा वर्षं पूर्ण नाहीत म्हणतात.”

“तिकीट दाखव त्यांना. मोठ्याचं आहे.”

“दाखवलं. तुम्ही बोला.”

काउंटरवरची बाई मराठी होती. आवाज चढवला नाही, की गोडही केला नाही. “सर, अठराच्या खालच्या मुलांना एकटं आत सोडता येत नाही. सोबत मोठं माणूस हवं. चौदावी अट आहे, बघा.”

“अहो, पण विमान कंपनी तिला मोठी धरते.”

“सर, तिकीट विमान कंपनीचं आहे. दार आमचं आहे. आत बार आहे. उद्या काही झालं तर मला विचारणार, तुम्ही एकटी पोर आत का घेतली?”

मी अटींचे पान उघडून चौदावी शोधू लागलो. तेवढ्यात फोनवर मागून एक पुरुषी आवाज ऐकू आला. “अहो, माझ्यासोबत आहे म्हणा. मी घेऊन जातो आत. भाचीच समजा.” बोलणारा गृहस्थ भला असेल. तो कसा आहे हे मला कळायला मार्ग नाही, आणि नेमका तोच प्रश्न होता. सोबतचे मोठे माणूस म्हणून त्याने सही केली असती, तर नियम पाळला गेला असता, पास वाया गेला नसता, एक वाजता आतला फोटो नरसय्यांना गेला असता आणि माझी चूक कुणाला कधी कळली नसती. हे सगळे माझ्या डोक्यात तीन-चार सेकंदांत जुळले. हिशेबाचे डोके असले की असले हिशेबही झटपट होतात.

मी काही बोलायच्या आत श्रावणीचा आवाज आला. “नको काका. म्हणजे तुम्ही नाही, हे काका. थँक्यू, मी बाहेरच थांबते.” मग मला म्हणाली, “कलम सात आहे ना.”

मी म्हणालो, “हो. कलम सात.” आणि खुर्चीत नीट बसलो. माझ्या आधी ती बोलली याचे आजही बरे वाटते आणि वाईटही वाटते.

बाई पुन्हा फोनवर आल्या. “समोर खुर्च्या आहेत. मला दिसेल अशी बसवते. माझी ड्यूटी पाचपर्यंत आहे.” नियमात हे कुठे लिहिलेले नव्हते.

बारा पस्तीस झाले होते. एकच्या आत नरसय्यांना सांगायला हवे होते. फोनवर सांगता आले असते, पण चूक माझी असेल तर मी समोर जाऊन सांगतो. शटर अर्धे ओढले आणि स्कूटर काढली. अक्कलकोट रोडच्या कारखान्यात मागांचा आवाज असा की बोलणे ऐकू येईना. नरसय्यांनी मला पाहिले आणि ते हात पुसत बाहेर अंगणात आले. मी लांबण न लावता सांगितले. तिला आत घेतले नाही. नियम अठराचा आहे. तो मला माहीत नव्हता.

“म्हायीत नव्हता?”

“नव्हता. अटी होत्या, मी पूर्ण वाचल्या नाहीत.”

मी त्यांच्या ओरडण्याची वाट बघत होतो. ते हळू आवाजात म्हणाले, “मालक, तुमच्या चिठ्ठीवर मी पोरगी पाठवली. माझा कुणाच्या बोलण्यावर इस्वास न्हाय, तुमच्या कागदावर होता.” मग म्हणाले, “परतीचं तिकीट काढा. आजचं. पैसे देतो.”

सोलापूरला त्या दिवशी परतीचे विमान नव्हते, पण पुण्याला संध्याकाळी एक होते आणि त्यात जागा होत्या, हे मी निघताना बघून आलो होतो. फोनवर चार मिनिटांत तिकीट निघाले असते. “काढतो,” मी म्हणालो, “पण आणखी एक सांगायचं राहिलंय. लाउंज तीनच तासांचं होतं. सव्वातीननंतर ती बाहेर बसणारच होती. तेही मी त्या दिवशी बोललो नाही.”

“आनि हे आत्ता सांगताय?”

“आत्ता सांगतोय. तिकीट काढायच्या आधी तिच्याशी एकदा बोला. मग तुम्ही म्हणाल ते.”

त्यांनी तिला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. थोडे तेलुगू झाले, ते मला कळले नाही. मग मला कळावे म्हणून असेल, ते मराठीत आले.

“भ्या वाटायलंय का?”

“नाही पेद्दनान्ना.”

“खरं सांग.”

“मघाशी वाटलं. एक माणूस म्हणाला, माझ्यासोबत चल आत. तेव्हा.”

“मग?”

“नको म्हणाले. तुम्ही रागावला असता.”

“रागावलोच असतो.” त्यांनी कपाळ पुसले. “आता कशी हाईस?”

“भूक लागलीय.”

“मग खा की!”

“चिठ्ठीत लिहिलंय, बाहेर काही घ्यायचं नाही, महाग असतं.”

नरसय्या माझ्याकडे वळले. त्यांचा खरा राग मी आयुष्यात तेव्हा एकदाच पाहिला. “पोरगीला उपाशी ठेवताय व्हय मालक? सकाळी सातला घर सोडलंय तिनं!”

मला माढ्याचे गुरुजी आठवले. बंद काउंटरसमोर उभे असलेले. ती पोर अन्नाच्या दुकानांच्या मधोमध बसली होती, खिशात आईने दिलेले पाचशे रुपये होते, आणि माझ्या अक्षरातल्या एका ओळीमुळे ती उपाशी होती. सव्वीस वर्षे मी लोकांना चिठ्ठीने धीर देतो असे समजत होतो. काही जणांचा धीर मी काढूनही घेतला असणार. मी फोनजवळ जाऊन म्हणालो, “श्रावणी, सहावं कलम रद्द. काय हवं ते खा.”

“कितीपर्यंत, काका?”

“कितीही.”

एकला दोन मिनिटे कमी असताना तिने फोटो पाठवला. फोटोत ती स्वतः नव्हती. मांडीवर ठेवलेली माझी चिठ्ठी होती आणि मागे लाउंजचा काउंटर. सहाव्या कलमावर तिने पट्टीने मारल्यासारखी सरळ रेघ मारली होती आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिले होते: ‘६. लाउंजसमोर चौथी खुर्ची. काउंटरवरच्या ताईंना मी दिसते, त्या मला दिसतात. दर तासाला घरी फोन. राहिलेला वेळ ४ तास ५२ मिनिटे.’

नरसय्यांनी तो फोटो दोन बोटांनी मोठा करून वाचला. मग चष्मा काढून परत वाचला. मागोमाग दुसरा फोटो आला, मसाला डोशाचे बिल. तीनशे चाळीस रुपये.

“तीनशे चाळीस!” ते म्हणाले. “सोन्याचा तवा हाय का तितं?” आत एक माग थांबला तसे सवयीने त्यांनी तिकडे मान वळवली. “ते पुण्याचं तिकीट काढू नका,” ते माग बघायला आत जाता जाता म्हणाले. “दर तासाला फोन करीन म्हणाली की.”

तिने केला. दोन, तीन, चार आणि पाच वाजता. मी ऑफिसात बसून होतो, मला कुणी कळवले नाही. दुसऱ्या दिवशी पद्माबाईंकडून समजले. रात्री भुवनेश्वरला शिबिराचे लोक तिला न्यायला आले होते.

त्यानंतर मी सगळे नियम वाचून काढले. एकसारखे नाहीत. काही ठिकाणी अठरा, काही ठिकाणी सोळा, काही ठिकाणी काउंटरवर बसलेल्याच्या मनावर. बारा पूर्ण झाले की विमानात मोठे, तेच मूल लाउंजच्या दारात लहान. आधी मला यात मूर्खपणा दिसला. आता तेवढा दिसत नाही. विमानात त्याला पट्टा बांधून खुर्चीत बसवतात, दारात कुणीतरी सही करायची असते. वय किती हा प्रश्न खरे तर जबाबदारी कुणाची हा आहे, आणि ज्याच्यावर ती पडते तो आकडा वाढवून सांगतो. एकच्या फोटोवर अडून बसलेल्या नरसय्यांनी वेगळे काय केले होते?

पासाचे पैसे परत मिळाले नाहीत. ‘न वापरल्यास परतावा नाही’ ही सोळावी अट. ते मी माझ्या खिशातून द्यायचे हे शुक्रवारीच ठरवले होते. जूनच्या पहिल्या आठवड्यात श्रावणी परत आली, तेव्हा लिफाफ्यात एक हजार एकशे ऐंशी घालून मी अक्कलकोट रोडला गेलो. नरसय्यांनी लिफाफा उघडलाच नाही.

“मला कशाला? पद्माला द्या.”

“पावती तुमच्या नावावर आहे.”

“नाव माझं, पैसे तिचे.” ते दुसरीकडे बघत म्हणाले. “आदल्या दिवशी मला आणून दिले. म्हणाली, बावगारू, उद्या ऑफिसात तुमच्या हातानं द्या. म्हंजे पोरगी तुमी पाठवली असं व्हईल. मी घेतले. नको म्हणायला पायजे होतं, पण घेतले.”

बावगारू म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. त्या शनिवारी ऑफिसात पद्माबाई गप्प का होत्या, ते मला तेव्हा कळले. त्यांना बोलायची गरज नव्हती. त्यांनी आदल्या दिवशीच सगळे उरकले होते.

संध्याकाळी गणवेशांचा कारखाना सुटल्यावर पद्माबाई ऑफिसात आल्या. मी लिफाफा पुढे केला. त्यांनी पैसे मोजले नाहीत. मी मोजायला लावले. मग म्हणालो, “पावती चुकीच्या नावावर झाली आहे. ती रद्द करून तुमच्या नावाची देतो.”

“नको भाऊ,” त्या म्हणाल्या. “राहू द्या तशीच. ती पावती त्यांनी घरात देवाजवळ ठेवलीय. पुढच्या वर्षी परत लागंल.”

माझी पावती पुस्तके कुणीही कधीही तपासावीत. चुकीच्या नावाची त्यात ती एकच पावती आहे, आणि मी ती दुरुस्त केलेली नाही. चिठ्ठीत मात्र एक कलम वाढवले आहे, सगळ्यात वर: ‘भूक लागली तर खावे. समोर वेगळे दिसले तर चिठ्ठी बाजूला ठेवून मला फोन करावा.’

दिलेली रक्कम रुपये एक हजार एकशे ऐंशी, रोख. शिवाय डोशाचे तीनशे चाळीस. ते आधी त्यांनी नाकारले, मग घेतले. एकूण एक हजार पाचशे वीस. मिळाले पद्माबाईंना.